‘छळ होता, तर पुस्तकं कशी छापली?’

क्यूबन लेखक रेनाल्दो अरेनासच्या आत्मचरित्रावरचा ‘बिफोर नाइट फॉल्स’ हा २००० सालचा सिनेमा निव्वळ अमेरिकी प्रचार आहे, क्यूबात समलिंगींना कुणी हात लावला नाही, अरेनास मुलांशी गैरवर्तन केल्याबद्दल आत गेला आणि पुढे खुशीने देश सोडून गेला, छळ होता तर त्याची पुस्तकं कशी छापली, असा मेसेज फिरतोय. काल तो आत्याने पाठवला, खाली ‘खरं का रे?’ असं विचारून.

नाही, आत्या.

हात लावला नाही म्हणे! १९६५ ते १९६८ या काळात कामाग्वे प्रांतात ‘उमाप’ या लष्करी श्रमछावण्या होत्या आणि त्यांत समलिंगी पुरुषांनाही डांबलं होतं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या ‘ला होर्नादा’ दैनिकाला मुलाखत देताना खुद्द फिडेल कास्त्रोने समलिंगींवर अन्याय झाल्याचं मान्य करून जबाबदारी स्वतःवर घेतली. मेसेज लिहिणारा कास्त्रोच्याही पुढे गेलाय.

कहर म्हणजे पुस्तकांचा मुद्दा. अरेनासच्या हयातीत क्यूबात छापलं गेलं एकच पुस्तक, १९६७ मध्ये. दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित चित्रकार होर्हे कामाचो आणि त्याच्या बायकोने गुपचूप बाहेर नेलं. ते आधी फ्रेंचमध्ये आलं, मूळ स्पॅनिश नंतर मेक्सिकोत. आणखी एक कादंबरी तर त्याला तीनदा लिहावी लागली. मित्राकडे ठेवलेली पहिली प्रत गेली. दुसरी छपराच्या कौलांखाली दडवलेली. तुरुंगातून सुटून आल्यावर बघतो तर कौलांखाली काही नाही. तिसऱ्यांदा लिहिलेली १९८२ मध्ये स्पेनमध्ये छापून आली. ‘कशी छापली’ याचं उत्तर हे असं आहे.

गैरवर्तनाचा आरोप १९७३ मध्ये कागदावर होता, हे कबूल. त्याच्या आत्मचरित्रानुसार, समुद्रकिनाऱ्यावर पिशव्या चोरीला गेल्याची तक्रार द्यायला तो आणि त्याचा मित्र गेले, चोरांनी उलटा आरोप केला आणि फिर्यादीच आरोपी ठरले. बरं, हे बाजूला ठेवू. पण साधा फौजदारी गुन्हा होता, तर एल मोरोच्या तुरुंगातून त्याला व्हिया मारिस्ता या राज्य सुरक्षा खात्याच्या मुख्यालयात कशाला नेलं? आणि स्वतःच्या लेखनाचा धिक्कार करणाऱ्या कबुलीजबाबावर सही कशाला घेतली?

सिनेमात पदरचं बरंच आहे, तेही खरं. शेवटी मित्र प्लास्टिकच्या पिशवीने त्याचा श्वास कोंडतो, ते कल्पित आहे. १९९० मध्ये त्याने औषधांचा अतिरेकी डोस घेऊन जीव दिला. आत्मचरित्रातही तो फुगवून सांगतो.

राहिली ‘खुशीने’ जाण्याची गोष्ट. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सरकार ‘नकोशा’ लोकांना बाहेर सोडत होतं, लेखकांना नाही. अरेनासने पोलीस ठाण्यात जाऊन आपण समलिंगी असल्याचं सांगितलं आणि परवाना मिळवला. मग त्यावरच्या आडनावातला ‘ई’ खोडून ‘आय’ केला. बंदरावर अडवायच्या लोकांच्या यादीत नाव होतं अरेनासचं. बोटीत चढला तो अरिनास.