काळ्या दगडाची पांढरी वाळू

मला पोहता येत नाही ही गोष्ट परवा सोमवारपासून बेळगावात आणखी अकरा माणसांना माहीत झाली आहे. मी मोजली आहेत. ट्रॅव्हल एजंट, त्याची कॉम्प्युटरवर बसणारी दोन पोरं, चहा घेऊन आलेला एकजण, तिरुपतीच्या बुकिंगला आलेलं पाच जणांचं कुटुंब, आधार कार्डाची झेरॉक्स मागायला डोकावलेली एक बाई आणि अण्णा.

झालं असं की, मे महिन्यात आम्ही तिघं मॉरिशसला जायचं म्हणतोय. लेकीची परीक्षा संपते, माझी रजा साठली आहे, व्हिसा आधी काढावा लागत नाही. एवढ्या तीन कारणांवर माणसानं परदेशी जायला हरकत नाही. महिनाभर रोज रात्री जेवण झालं की मी डायरी घेऊन बसायचो आणि बीच निवडायचो. ते काम वाटतं तेवढं सोपं नाही. अख्खं बेट बेळगाव जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याएवढं, पण चारी बाजूंचा समुद्र चार स्वभावांचा. मे पासून आग्नेयेचा वारा जोर धरतो, म्हणजे पूर्वेचा बेल मार दिसायला कितीही देखणा असला तरी वाऱ्यानं टोपी उडायची. पश्चिमेचा फ्लिक आं फ्लाक त्या मानानं शांत. वायव्येचा त्रू ओ बिश उथळ. नैर्ऋत्येला ल मोर्नचा डोंगर, ५५६ मीटर उंच, जिथं पळून आलेले गुलाम लपून राहायचे. आणि दक्षिणेचा ग्री ग्री, जिथं किनाऱ्याभोवतीचं पोवळ्यांचं कडं तुटलंय आणि लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आपटतात. तिथं पाण्यात उतरायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. माझ्या यादीत तो पहिल्या नंबरावर होता.

आमच्या घरात या नावांचं काय झालं ते वेगळंच. बायको म्हणाली, "बेल मार म्हणजे काय, दारात कोण आलंय?" फ्लिक आं फ्लाक हा तिच्या मते ओल्या चपलेचा आवाज.

तर ही डायरी घेऊन सोमवारी संध्याकाळी आम्ही टिळकवाडीत त्या ऑफिसात गेलो. एजंटानं डायरीकडं बघितलं, जसं दुकानदार जुन्या नोटेकडं बघतो. "सर, बीच निवडायचे नसतात. पॅकेजमध्ये येतात. एक दिवस नॉर्थ, एक दिवस साऊथ, एक दिवस इल ओ सेर. संपलं." महिनाभराच्या रात्री त्यानं तीन दिवसांत गुंडाळल्या. मी वारा समजावून सांगायला लागलो, तर त्यानं फॉर्म पुढं ओढला आणि मोठ्यानं विचारलं, "तिघांनाही स्विमिंग येतं ना?"

"आम्हा दोघींना येतं," बायको म्हणाली. ती खानापूरची. मलप्रभेत शिकली. तिचा दोष नाही, तिनं खरं सांगितलं. पण "दोघींना" या शब्दावर तिनं जो भार दिला तो काही नदीनं शिकवलेला नव्हता.

एजंटानं लिहिलं: नॉन स्विमर, एक. लिहिताना बोललासुद्धा.

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला, "पोहायला येत न्हाई, आणि समुद्र निवडायला चाललायसा?"

हे अण्णा. साठीचे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि बोटांच्या पेरांत करडी धूळ इतकी मुरलेली की ती कुठल्याच साबणानं जायची नाही. खडी मशीन आहे म्हणाले, चाळीस वर्षं दगडाच्या धंद्यात. ते त्या ऑफिसात कशासाठी आले होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी काही बुक केलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. चहा मात्र घेतला.

मी म्हटलं, "बघायला जातोय, पोहायला नाही."

"काय बघायला?"

"ज्वालामुखीचं बेट आहे. समुद्राच्या तळातून लाव्हा वर येऊन झालेलं."

"म्हणजे काळा दगड की."

"हो, पण..."

"अहो काळा दगड बघायला विमानानं जातात होय? माझ्याकडं या, ट्रॅक्टरभर देतो. भाडंसुद्धा घेत न्हाई." तिरुपतीचं कुटुंब हसलं. त्यांचं काम झालं होतं, बालाजी ठरलेला होता, त्यांना हसायला वेळ होता.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण एजंटाच्या टेबलावर काचेखाली फ्लिक आं फ्लाकचा फोटो होता, मी त्याच्यावर बोट ठेवलं. "हे बघा. नुसता दगड नाही. पांढरीशुभ्र वाळू."

अण्णा उठले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, काचेवर वाकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडं अशा काळजीनं बघितलं, जशी आजारी माणसाकडं बघतात.

"सर, तुम्हाला फसवायलेत."

"का?"

"काळ्या दगडाची वाळू काळीच पडते. एम-सँड बघितलाय न्हवं? मी रोज पाडतोय. काळा दगड मशीनमध्ये घाला, पांढरी वाळू बाहेर आली तर माझं नाव बदला. ही वाळू त्या बेटाची न्हाईच. कुठनं तरी आणून टाकलीया."

आता खरी चीड कशाची आली ते सांगतो. माणूस बरोबर होता. ती वाळू त्या दगडाची नाहीच. बेटाभोवती पोवळ्यांचं कडं आहे, लाटा ते झिजवतात, त्यात शिंपल्यांचा चुरा मिसळतो आणि ते सगळं किनाऱ्यावर येऊन पडतं. काळ्या दगडाची खरी काळी वाळू बघायची तर शेजारच्या रियुनियन बेटावर जायला हवं, तिथं एतां-साले नावाचा काळाकुट्ट किनारा आहे. महिनाभर वाचून मला कळलं ते या गृहस्थाला फोटो बघून अर्ध्या मिनिटात कळलं होतं, आणि त्याचा निष्कर्ष एवढाच, की मला फसवायलेत.

मी पोवळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मेलेल्या किड्यांची पूड."

"तसं म्हणता येईल."

"चुनाच की मग! भाजला तर चुना." हेही बरोबर. मॉरिशसमध्ये पूर्वी भट्ट्या लावून पोवळ्याचा चुना करत, हे मीच बोलून गेलो. बांधकामासाठी किनाऱ्याजवळची वाळू उपसत, मग सरकारनं तीही बंद केली, हेसुद्धा सांगितलं. तिथं माझी चूक झाली. अण्णा खुर्चीत मागं टेकले आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत त्या बेटाबद्दल आपुलकी दिसली.

"तिकडं पण वाळू बंद? अरारा."

पुढची पंधरा मिनिटं त्या ऑफिसात वाळूबद्दल चर्चा झाली. तिरुपतीच्या कुटुंबातला थोरला घर बांधत होता, त्यानं दर सांगितला. एजंटाच्या मेव्हण्याचा प्लॉट निघाला. चहावाला म्हणाला नदीची वाळू ती नदीची वाळू, स्लॅबला तिच्यासारखी नाही. मी हातात डायरी धरून बसलो होतो. आमचा फॉर्म टेबलावर, "नॉन स्विमर, एक" वर पेन आडवं पडलेलं. लेक मोबाइलमध्ये आणि बायको, खरं सांगतो, त्या थोरल्याला प्लिंथबद्दल सल्ला देत होती.

पोहण्याचं एकदा सांगूनच टाकतो. शहापुरात लहानपणी मामानं माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडलं होतं. डबा उत्तम तरंगला. मी त्याच्या खाली होतो. तेव्हापासून किल्ला तलावाच्या पायडल बोटीतसुद्धा मी कड धरून बसतो.

मध्येच मला वाटलं, विषय दगडावरून हलवावा. मी म्हटलं, तिकडं आपली मराठी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कामाला रत्नागिरीकडची माणसं जहाजानं गेली, त्यांची नातवंडं-पतवंडं अजून गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. शाळेत मराठी शिकता येते. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण सगळे गप्प झाले. मग थोरला हळूच म्हणाला, "सरकार शिकवतंय?" मी म्हटलं, होय. आणि मग ते हसणं वगैरे जरा बाजूला पडलं. कारण त्या खोलीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी उतारा मराठीत द्या म्हणून खिडकीशी उभं राहून कन्नडमधला कागद घेऊन परत आलेलं आहे. माझे वडील १९५६ पासून अर्ज लिहीत होते, ते गेले, अर्जाचं उत्तर यायचं आहे. हिंदी महासागरातल्या एका ठिपक्याला मराठी परवडते. असो. आपण वाळूबद्दल बोलत होतो.

अण्णा तेवढ्यात बाहेर गेले होते. परत आले ते हातात दगड घेऊन, स्कूटरच्या डिकीतून काढलेला. नारळाएवढा, काळा, एका बाजूनं ताजा फुटलेला. फुटलेल्या अंगाला बारीक बारीक भोकं आणि त्यांतल्या काहींत पांढरे स्फटिक, साखरेच्या दाण्यांसारखे. त्यांनी तो सरळ माझ्या डायरीवर ठेवला. त्रू ओ बिशच्या पानावर.

"हा बघा तुमचा ज्वालामुखी."

आणि लेकीनं मोबाइलमधून मान वर केली. तिला भूगोलात काही तरी गुण मिळाले होते हे मी विसरलो होतो. "बाबा, काका बरोबर बोलतायत. एकच आहे ते." मग तिनं, माझ्या विरुद्ध, सगळ्यांसमोर, नीट समजावून सांगितलं. पृथ्वीच्या पोटात एक चूल आहे, ती साधारण जागच्या जागी असते, वरचा तवा सरकत जातो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्या चुलीवर आपण होतो, तेव्हा दख्खनचा काळा दगड ओतला गेला. त्याचं दक्षिणेचं टोक आपल्या बेळगावापाशी. मग तवा सरकला. मालदीव झालं. ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आता ती चूल रियुनियनखाली आहे, अजून पेटते.

ऑफिसात शांतता. थोरला म्हणाला, "म्हणजे अण्णांच्या क्वारीतलाच माल."

"जरा नंतरची बॅच," एजंट म्हणाला.

अण्णांनी काही जिंकल्यासारखं केलं नाही, हे जास्त लागलं. त्यांनी फक्त दगड थोडा फिरवून स्फटिकांची बाजू माझ्याकडं केली. "येताना तिकडचा एक खडा आणा. मिळतोय काय बघू." आणि फॉर्मवरचा माझा मोबाइल नंबर त्यांनी आपल्या दोन पेनांपैकी एकानं तळहातावर उतरून घेतला. मला न विचारता.

शेवटी पॅकेजच घेतलं. नॉर्थ, साऊथ, इल ओ सेर. त्रू ओ बिशला अर्धा दिवस जादा, कारण तिथलं पाणी गुडघ्याएवढं आहे असं एजंटानं बायकोला सांगितलं, मला नाही. ग्री ग्री साऊथमध्ये येतो, गाडी दहा मिनिटं थांबते. दगड आम्ही घरी आणला, तो आता कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून आहे. बरणीचं झाकण नीट बसत नव्हतं, बसायला लागलं.

आज सकाळी साडेसातला अण्णांचा फोन. दूध उतू जात होतं.

"सर, ते इल ओ सेर म्हणजे काय ओ?"

"हरणांचं बेट."

"मग हरणं आहेत काय तिथं?"

मी वाचलं होतं. डचांनी जावाहून मॉरिशसला हरणं आणली, त्यांच्यावरून नाव पडलं. त्या बेटावर आता हरणं नाहीत. खोटं सांगायचं मनात आलं होतं, पण लेक समोर बसून पोहे खात होती.

"नाहीत," मी म्हटलं.

पलीकडं मशीन चालू झाल्याचा आवाज आला. त्याच्यावर आवाज चढवून अण्णा ओरडले, "मग आपल्या भुतरामहट्टीच्या झूला जाऊन या की! तिथं आहेत!"