10 विजय, 10 पराभव हे अर्धसत्य आहे

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स, त्याच्या 2025 च्या हंगामाला एका लेखात '10 विजय, 10 पराभव' एवढ्यावरून 'बेताचा' म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. बेसबॉलमध्ये पिचरच्या नावावर पराभव लागतो तो अनेकदा स्वतःच्याच फलंदाजांमुळे. पोराने सामन्यातल्या नऊपैकी सहा-सात इनिंग (डाव) टाकून एखादीच धाव द्यावी आणि पिट्सबर्ग पायरेट्सने तेवढीही काढू नये, असं कितीदा झालं! त्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, होता 1.97. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला, तो उगीच नाही.

आणि त्याचा स्प्लिंकर हा खास चेंडू नीट बघा हो. ताशी 150 किमीच्या आसपास येणारा चेंडू ऐन प्लेटजवळ, म्हणजे फलंदाजापाशी येऊन, खाली बसतो, फलंदाजाची बॅट वरूनच फिरते.

2023 च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेरीत) पहिला, मे 2024 मध्ये पदार्पण आणि जुलैत थेट निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीचा पिचर! त्याच महिन्यात मिलवॉकी संघाविरुद्ध सात इनिंग एकही हिट (यशस्वी फटका) न देता त्याला संघाने बाहेर काढलं, तेव्हा जीव हळहळला. पण कोवळ्या खांद्या-कोपरांची काळजी घेतली हे योग्यच झालं. आता संघाने त्याच्यामागे चार चांगले फलंदाज उभे करावेत.