क्लीनर वॅक्स सीलंटवर चढत नाही, ते सीलंट उतरवतं

गाडीची निगा राखणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. मला तो गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. थोडक्यात तो असा: गाडी धुऊन आधी क्लीनर वॅक्स (साफ करणारं मेण) लावा, त्यावर सीलंट (रंगावर संरक्षक थर सोडणारं कृत्रिम द्रव), त्यावर पुन्हा क्लीनर वॅक्स. दर रविवारी एकेक थर चढवत जा. सहा थर झाले की रंगावर काचेसारखं कवच तयार होतं, उन्हानं रंग उडत नाही, ओरखडे पडत नाहीत, पडलेले जातात. आणि बॉनेटवर पाण्याचे मणी उभे राहतायत तोवर कवच शाबूत आहे असं समजा.

यातली पहिली पायरी अर्धी खरी आहे, पुढचं सगळं चूक. आणि ही चूक साधी नाही. माणूस रविवारची सकाळ आणि बरेच पैसे घालवून आपणच केलेलं काम आपल्याच हातानं पुसतो. म्हणून एकेक विधान घेऊन सविस्तर लिहितो.

"सीलंटवर क्लीनर वॅक्सचा थर द्या."

सगळा घोळ इथेच आहे. क्लीनर वॅक्स या नावातला पहिला शब्द नीट वाचा. बाटलीत मेण असतं हे खरं, पण त्याच्या जोडीला रॉकेलच्या कुळातलं द्रावक असतं आणि बहुतेक बाटल्यांत अगदी बारीक घासणारी पूडही असते. द्रावक जुनं मेण, डांबराचे शिंतोडे, तेलकटपणा सैल करतं. पूड वरचा मळ आणि रंगाचा मेलेला, निस्तेज पापुद्रा घासून काढते. ही पूड तळाशी बसते, म्हणून तर वापरण्याआधी बाटली चांगली हलवायची सूचना छापलेली असते. काही बाटल्यांत पूड नसते, नुसते साफ करणारे घटक असतात. काम तेच.

आता त्याखाली काय आहे ते बघा. सीलंट म्हणजे सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक जातीचा कृत्रिम पॉलिमर. लावून, वाळवून, पुसल्यावर रंगावर त्याचा जो थर उरतो तो एका मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही) आतला. अशा थरावर आपण द्रावक आणि पूड घेऊन पॅड गोल गोल फिरवतो. मळ कुठला आणि गेल्या रविवारचं सीलंट कुठलं हे त्या पॅडला कळत नाही.

घरात रिमूव्हर संपला की नेलपॉलिश कशी काढतात ते पुष्कळांनी पाहिलं असेल. जुन्या नेलपॉलिशवर ताजी फासायची आणि ओली असतानाच कापसानं पुसायची. नवीतलं द्रावक जुनीला सैल करतं आणि दोन्ही एकदम निघून येतात. सीलंट नेलपॉलिशपेक्षा चिवट असतं, पण इथे द्रावकाच्या जोडीला घासणंही आहे. शेवटी रंगावर उरतं ते क्लीनर वॅक्समधलं थोडंसं मेण. काही महिने टिकणारी वस्तू काढून आपण काही आठवडे टिकणारी वस्तू बसवतो.

हा सल्ला कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. क्लासे नावाच्या जर्मन ब्रँडची एक जोडी परदेशी गाडीशौकिनांमध्ये खूप वापरली गेली. आधी 'ऑल-इन-वन', जे रंग साफ करतं आणि ॲक्रिलिकचा पातळ थरही सोडतं. मग 'सीलंट ग्लेझ', एकेक दिवस मध्ये सोडून दोन-तीन हात. ही पद्धत चालते. पण तिच्यात साफ करणारी बाटली एकदाच येते आणि तीही तळाला. ग्लेझवर पुन्हा ऑल-इन-वन फिरवलं तर ग्लेझ उतरतं. ती जोडी वापरणारे जुनं ग्लेझ काढायचं असलं की मुद्दाम तेच करतात. आपल्याकडे फिरणाऱ्या सल्ल्यात ही तळाची बाटली वरही जाऊन बसली आहे.

"जितके थर जास्त, तितकं कवच जाड."

ही समजूत भिंतीच्या रंगावरून आली आहे. भिंतीला तीन हात मारले की तिन्ही हात भिंतीवर राहतात. गाडीवर लावलेलं बहुतेक सगळं आपण फडक्यानं पुसून टाकतो, आणि राहिलेल्या थरात नवीन हातानं भर पडतेच असं नाही. आकडे बघा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि त्यावरचा पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट, मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. रंगाची जाडी मोजायचं मीटर वापरलेल्या गाड्यांची पारख करणाऱ्यांकडे असतं. सहा रविवारांच्या मेहनतीनंतर ते बॉनेटवर लावून बघा, वाढ म्हणावी असा आकडा मिळणार नाही.

मेणाच्या बाबतीत तर अडचण मुळातच आहे. गाडीच्या मेणात वापरलं जाणारं कार्नौबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. शुद्ध रूपात ते विटेच्या तुकड्यासारखं कडक आणि ठिसूळ असतं, ८० अंशांच्या वर गेल्यावरच वितळतं. ते हातानं लावता यावं म्हणून त्यात द्रावक आणि तेलं घालावीच लागतात. त्यामुळे मेणाचा प्रत्येक नवा हात खालच्या मेणाला थोडंफार सैल करतोच.

मग दुसरा हात मारूच नये का? जरूर मारावा. पहिल्या वेळी आरशाखाली, हँडलमागे, दाराच्या कडांना हात पोचलेला नसतो. दुसऱ्या हातात त्या जागा भरून निघतात. मात्र सीलंटला मध्ये वाळायला वेळ द्यावा लागतो. बाटलीवर लिहिलेला असेल तेवढा, बहुधा १२ ते २४ तास, आणि तेवढ्या वेळात गाडीवर पाणी पडता कामा नये. वर साधं, क्लीनर नसलेलं मेण हवं असेल तर ते या वेळानंतर लावावं. उलटा क्रम चालत नाही, कारण मेणावर सीलंटला धरायला जागाच मिळत नाही. दोन हात सीलंट आणि हवं तर एक हात मेण, इथे काम संपतं.

"उन्हापासून रंग वाचतो."

उन्हातली अतिनील किरणं अडवायचं काम क्लिअर कोटमध्ये मिसळलेली रसायनं करतात, आणि त्यासाठी त्यांना ३५-४० मायक्रॉनची जाडी मिळालेली असते. एका मायक्रॉनहून पातळ थराला, त्यात काहीही मिसळलं तरी, किरणं शोषायला पुरेशी खोलीच नसते. म्हणून क्लिअर कोट जपणं हेच उन्हापासूनचं खरं संरक्षण. वारंवार पूड असलेलं क्लीनर वॅक्स घासलं तर नेमका तोच वरून झिजतो. हातानं घासल्यावर एका वेळी फार थोडा जातो, हे मान्य. पण पुन्हा पुन्हा घासायचं कारण काय?

"ओरखडे पडत नाहीत, पडलेले जातात."

पडतात. बहुतेक बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे ओरखडे धुळीनं भरलेल्या फडक्यानं कोरडी गाडी पुसल्यानं पडतात, आणि त्या धुळीपुढे मेण टिकत नाही. गेलेले वाटतात ते क्लीनर वॅक्समधली तेलं त्यात भरल्यामुळे. चार वेळा गाडी धुतली की ते परत दिसतात.

"पाण्याचे मणी उभे, म्हणजे कवच शाबूत."

मणी एवढंच सांगतात की या घडीला पृष्ठभाग पाणी झटकतो आहे. सिलिकॉन किंवा मेण असलेल्या शाम्पूनं नुकती गाडी धुतली असेल तर मणी त्या शाम्पूचे असू शकतात. उलट, सीलंट चांगलं असूनही वर धुळीचा आणि धुराचा चिकट थर बसला की मणी नाहीसे होतात आणि नीट धुतल्यावर परत येतात. मणी गेले म्हणून घाबरून क्लीनर वॅक्स लावणारा माणूस चांगलं सीलंट काढून टाकतो.

शिवाय मणी हवेतच असंही नाही. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात आणि पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत, गाड्या बोअरच्या पाण्यानं धुतल्या जातात. हे पाणी बहुधा जड असतं. उन्हात उभ्या गाडीवर त्याचा प्रत्येक मणी जागच्या जागी सुकतो आणि त्यातले क्षार एका गोल डागात साठतात. बराच काळ राहिला तर हा डाग क्लिअर कोटमध्ये उतरतो. मी मणी मोजत बसत नाही. सावलीत, एकेक भाग धुऊन तो लगेच कोरड्या मायक्रोफायबरनं टिपून घेतो. ताजा डाग निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरनं निघतो, नंतर तिथे भरपूर साधं पाणी ओतायचं.

"सुरुवात क्लीनर वॅक्सनं करा."

हे अर्धं खरं. जुन्या प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरवर, जिच्या रंगावर क्लिअर कोटच नाही, पुसताना फडक्यावर गाडीचा रंग येतो. तो मेलेला रंग काढून चमक आणायला क्लीनर वॅक्स उत्तम. आजच्या गाडीवरही, सीलंट न लावता वर्षातून एक-दोनदा एकाच बाटलीत काम उरकायचं असेल तर ते पुरेसं आहे. पण वर सीलंट बसवायचं असेल तर खाली क्लीनर वॅक्सचं मेण आणि तेल नको. क्ले बार (रंगात रुतलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा, लागलं तर पॉलिश करा, पॉलिशमधलं तेल पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मग सीलंट लावा.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हा सल्ला सात रविवार नेमानं पाळला. गाडी चमकत होती, पण बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर आणि दारांच्या फटींत पांढरी पूड घट्ट बसली होती, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बॉनेटवर पाणी पसरट उभं राहिलं. ते खूप हिरमुसले होते. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघांनी स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी धुतली, क्ले केली, अल्कोहोलनं पुसली आणि सीलंटचा एक हात मारला. रविवारी संध्याकाळी दुसरा. प्लास्टिकवरची पूड जुन्या टूथब्रशनं काढायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. दसऱ्याला काकूंनी बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. मी काकांना एवढंच सांगितलं की गाडी पांढरी आहे, हळद संध्याकाळीच ओल्या फडक्यानं टिपून घ्या आणि त्यासाठी क्लीनर वॅक्सची बाटली उघडू नका.