तेरा आकडे, ब्रसेल्स आणि बचत गटाचे पापड : एका कमेंटला (लांबलचक) उत्तर

मागच्या पोस्टवर आलेली एक कमेंट दोन दिवस डोक्यात घोळतेय. खालीच उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, मग म्हटलं वेगळी पोस्टच टाकू. ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात : पाकिटावरच्या बारकोडखाली सुरुवातीला ८९० असलं म्हणजे माल भारतातच बनला असं नाही, कंपनीने नंबर भारतातून घेतलाय एवढंच त्यातून कळतं असं मी लिहिलं होतं, आणि ही नंबरांची जगभरची घडी विस्कटू नये म्हणून जीएस१ या (बारकोडचे नंबर वाटणाऱ्या) संस्थेत जो आर्किटेक्चर ग्रुप बसलेला असतो त्याचं जरा तोंडभरून कौतुक केलं होतं.

त्यावर तुम्ही (नाव टाकलेलं नाहीये, पण 'तीस वर्षं लाइनमध्ये आहे' म्हणालात म्हणून अहोजाहो करतो) चांगलंच झापलंय. ब्रसेल्समधल्या खासगी संस्थेला (म्हणजे जीएस१ला) हा अधिकार दिला कोणी, हा एक प्रश्न. ज्या नंबरावरून देश कळत नाही की माल कळत नाही तो हवा कशाला, आपण आपला अर्थपूर्ण नंबर का काढू नये, हा दुसरा. 'तत्त्वं' आणि 'आर्किटेक्चर' ही कन्सल्टंट लोकांची पोटं भरायची सोय आहे हा टोमणा. आणि शेवटी, बचत गटाच्या बायकांनी पापडाच्या पाकिटावर तेरा आकडे छापण्यासाठी दरवर्षी भाडं का भरायचं.

अर्थपूर्ण नंबरापासून सुरू करतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी भिवंडीच्या एका गोडाऊनसाठी (नाव नाही सांगत) आम्ही मालाचा स्वतःचा कोड बनवला होता, आणि आम्ही म्हणजे त्यात मी पुढे. आठ आकडी. पहिले दोन सप्लायर, पुढचे दोन कॅटेगरी, मग एक आकडा पॅकसाइजचा, शेवटचे तीन सीरियल. इतका सुंदर दिसायचा तो कोड की गोडाऊनमधली पोरं नुसतं बघून सांगायची, ही अमक्याची हळद, दोनशे ग्रॅम. पहिलं वर्ष मस्त गेलं. मग अकरावी पॅकसाइज आली. शून्य ते नऊ दहाच जागा, त्या भरलेल्या. कुणीतरी म्हणालं 'ए' टाका, तर सॉफ्टवेअरमध्ये ती फील्ड फक्त आकड्यांची. मग सीरियलमधला एक आकडा चोरून तिथे वापरला, म्हणजे जुन्या मालाला एक अर्थ आणि नव्याला दुसरा. तोवर मार्केटिंगवाल्यांनी ठरवलं की हळद आता मसाल्यात नको, आरोग्याच्या सेक्शनला जाऊ दे. झालं, कॅटेगरीचे आकडे बदलले, तीच हळद दोन कोडांखाली दोन रॅकवर, आणि ऐन दिवाळीत सिस्टिम सांगतेय माल संपला आणि मागच्या रॅकवर पोती थप्पीला लागलेली. शिव्या कुणी खाल्ल्या असतील ते सांगायला नको.

नंबरात अर्थ भरला की तो अर्थ बदलतो, आणि नंबर मात्र छापून झालेला असतो. आपल्याकडे गाड्यांचंच घ्या ना. एमएच १२ म्हणजे पुणे, पण ती गाडी दहा वर्षं नागपुरात फिरत असली तरी पाटी पुण्याचीच. हैदराबादच्या रस्त्यावर एपी, टीएस आणि टीजी अशा तिन्ही पाट्या दिसतात कारण २०१४ साली राज्य वेगळं झालं आणि २०२४ साली परत अक्षरं बदलली. गाडी तीच, मालक तोच.

बारकोडवाल्यांनी म्हणूनच पहिल्यापासून नियम केला की नंबर मुका असायला हवा. त्याने फक्त 'मी मी आहे, दुसरं कोणी नाही' एवढंच सांगायचं, बाकी वजन, देश, जीएसटीचा दर, एचएसएन (कर लावण्यासाठीचा मालाच्या वर्गवारीचा कोड) सगळं डेटाबेसात. एचएसएनच्या मागची जागतिक यादी जागतिक सीमाशुल्क संघटना दर काही वर्षांनी बदलते, २०१७ ला बदलली, २०२२ ला बदलली. समजा बारकोडच्या पोटात एचएसएन घातला असता तर प्रत्येक वेळी जगातली सगळी पाकिटं पुन्हा छापा. सुरुवातीचे तीन आकडे पाहून देश ओळखायचा मोह होतो खरा, २०२० साली 'चिनी माल ओळखा, ६९० बघा'चे फॉरवर्ड सगळ्यांनाच आले होते, पण तो नंबर वाटप करणाऱ्या शाखेचा शिक्का आहे. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश राहिला नाही, त्याचा ८५९ आज चेक रिपब्लिककडे चालू आहे. युगोस्लाव्हियाचा ८६० सर्बियाकडे आहे. देश फुटले, काउंटरवरची टिंग टिंग थांबली नाही.

आणि घरचंच उदाहरण देतो. नाशिकच्या ज्या बागायतदाराकडे ग्लोबलगॅपचं (चांगल्या शेतीपद्धतीचं) सर्टिफिकेट असतं त्याला जीजीएन म्हणून तेरा आकडी नंबर मिळतो, युरोपला जाणाऱ्या पेटीवर तो छापलेला असतो. तो बहुतेकदा ४० ने सुरू होतो, आणि ४०० ते ४४० ही रेंज जर्मनीची! कारण ग्लोबलगॅपचं ऑफिस जर्मनीत, कोलोनला. आता दिंडोरीचं द्राक्ष जर्मन झालं का हो?

द्राक्षावरून आठवलं, २०१० साली क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाचा रेसिड्यू (उरलेला अंश) सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं कशी अडली ते तुम्हाला लाइनमधले म्हणून माहीत असणारच. मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं सरकारी खातं) ग्रेपनेट या ऑनलाइन यादीत तेव्हाही प्लॉटची नोंदणी होती. घोळ झाला तो रसायनांच्या यादीत. मग त्या यादीत ते रसायन टाकलं, प्लॉटच्या नंबरला हात लावावा लागला नाही. ओळख एका जागी आणि तिच्याबद्दलची माहिती दुसऱ्या जागी ठेवायची या 'कागदी' तत्त्वाचा उपयोग तो हाच. माझ्या हळदीला हे सुचलं नव्हतं.

आता टोमण्याकडे येतो. आर्किटेक्चर ग्रुप करतो काय, तर माझ्या मते मुख्यतः 'नाही' म्हणतो. आपल्या सोसायटीत बघा, प्रत्येकाला बाल्कनी आत घ्यायची असते, प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं असतं, पण 'कॉलमला हात लावायचा नाही' म्हणणारं कुणीतरी एक लागतं आणि त्या माणसाशी लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही. इथेही तसंच. कुठली तरी इंडस्ट्री येते, म्हणते आमचा माल वेगळा, आम्हाला वेगळा नंबर द्या, जुन्यात आमच्यापुरता एक आकडा राखून ठेवा. रीतसर मागणी नोंदवायची, मग बघितलं जातं की हे आधीच्या कुठल्या चावीने भागतंय का (ओळखीच्या नंबराला तिकडे 'की' म्हणतात). पन्नास वर्षांत अशा चाव्या झाल्या फक्त १२. विकायच्या वस्तूला जीटिन, जागेला जीएलएन, पॅलेटला अठरा आकडी एसएससीसी, वगैरे. नवीन हवीच असेल तर मिळतेही. युरोपचा २०१७ चा मेडिकल डिव्हाइसचा कायदा आला त्यात डिव्हाइसच्या अख्ख्या मॉडेलला ओळख हवी होती, आणि जीटिन तर विकल्या जाणाऱ्या एकेका वस्तूचा, त्याच्यावर मॉडेलचं ओझं टाकलं असतं तर दोन्ही बिघडलं असतं. म्हणून मॉडेलसाठी वेगळी 'की' केली.

ही शिस्त किती बारीक असते ते दहा रुपयांच्या पुड्यात दिसतं. किंमत तीच ठेवून शंभर ग्रॅमचे नव्वद केले तर कंपनीने नवा जीटिन घ्यायलाच हवा असा नियम आहे, कारण लिहिलेलं निव्वळ वजन बदललं. नुसती दुकानातली, पाकिटावर न छापलेली किंमत बदलली तर नको. आणि २०१९ पासून एकदा वापरलेला नंबर दुसऱ्या मालाला द्यायचा नाही. आधी चार वर्षं थांबून देता यायचा, पण ऑनलाइन दुकानांत जुना माल, जुने फोटो, जुने रिव्ह्यू मरतच नाहीत ना. कोणी पाळत नाही म्हणाल तर पटेल, सगळे पाळत नाहीतच, आणि जिथे पाळत नाहीत तिथे अर्ध्या मालाचे फोटो चुकीचे दिसतात.

'आता क्यूआर आला, बारकोड मेला' असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. उलट आहे. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं तेव्हापासूनची नंबर द्यायची पद्धत तीच आहे, आता तोच नंबर क्यूआरच्या आत बसतो, सोबत बॅच, एक्सपायरी आणि वेबलिंक. २०२७ संपेपर्यंत दुकानांच्या काउंटरवर हे दोन्ही वाचता यावं असं उद्दिष्ट ठेवलंय. नंबर आणि त्याचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या म्हणून हे जमतंय, नाहीतर चित्राबरोबर नंबरही फेकावा लागला असता.

आणि प्रत्येकाने आपापला नंबर काढला की काय होतं तेही घडून गेलंय. अमेरिकेचा बारकोड नंबर यूपीसी, तो बारा आकडी, युरोपने १९७७ ला केलेला ईएएन तेरा आकडी. युरोपची मशीनं बारा वाचायची (पुढे एक शून्य समजायचं, झालं), अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरना तेरा पचायचे नाहीत. म्हणजे बाहेरच्या कंपनीला अमेरिकेत माल विकायचा तर वेगळा नंबर घ्या, वेगळं पाकीट छापा. जानेवारी २००५ ची मुदत घालून तिथल्या दुकानदारांना तेरावा आकडा वाचायला लावला, त्याच वर्षी अमेरिका आणि युरोपच्या नंबर देणाऱ्या दोन्ही संस्थांचं मिळून जीएस१ हे नाव पडलं. तो एक आकडा वाचायला पाव शतकापेक्षा जास्त गेलं, आणि भुर्दंड निर्यात करणाऱ्याने भरला, दुकानदाराने नाही. आपण स्वतंत्र भारतीय नंबर काढला तर भुर्दंड कोणाला बसेल, पुणे-नाशिकच्या निर्यात करणाऱ्या पोरांनाच की.

पण 'अधिकार दिला कोणी' या प्रश्नावर मी तुमच्याशी भांडणार नाही. कोणी निवडून दिलेलं नाही हे खरंय. किराणा कंपन्यांनी १९७३ ला आपापसात बसून एक चिन्ह ठरवलं आणि तिथून हे वाढत गेलं. आपल्याकडे १९९६ ला त्याची शाखा झाली ती वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगांच्या संघटनांनी मिळून. नियम बनताना एका संस्थेला एकच मत असतं, कंपनी केवढीही असो, आणि नियमांचे कागद फुकट डाउनलोड होतात, आयएसओसारखे विकत घ्यावे लागत नाहीत. मक्तेदारीही पूर्ण नाहीये, त्या युरोपच्या मेडिकल कायद्याखाली नंबर द्यायला चार संस्थांना मान्यता आहे, जीएस१ त्यातली एक.

तरीसुद्धा. मत एकच असलं तरी ते द्यायला तिथे हजर राहावं लागतं, शेकडो पानांचे इंग्रजी ड्राफ्ट वाचावे लागतात, त्यासाठी पगारी माणूस लागतो, आणि तो मोठ्या कंपनीकडेच असतो. वरच्या बोर्डावर मुख्यतः मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब. माझी मागची पोस्ट यावर गप्प होती, ती चूक झाली. मला तत्त्वं पटतात, पण कॉलमला हात लावू नका म्हणणारी कमिटी फक्त वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांची असेल तर तळमजल्याच्या गळतीचं कोण बघणार, हा तुमचा मुद्दा मान्य.

पापडांचंही तेच. वर्षाच्या फीचे स्लॅब उलाढालीवर असतात हे खरं, पण शंभर पाकिटं विकणाऱ्या गटाला सगळ्यात खालचा स्लॅबही टोचतो. तिथे सरकारने किंवा संस्थेने सूट द्यावी या मताचा मी आहे. तोवर माझा सल्ला एवढाच, की गावच्या दुकानात, जत्रेत, सरस प्रदर्शनात विकताय तर बारकोड मुळीच नको, कोणी भीती घातली तरी घेऊ नका. एखाद्या दुकानाला बिलिंगपुरता हवा असेल तर २० ते २९ ने सुरू होणारे नंबर दुकानाच्या आतल्या वापरासाठीच राखलेत, तो दुकानदार स्वतः टाकेल. मॉल किंवा ऑनलाइनला जायचं ठरलं तर मात्र नेटवर दोनशे रुपयांत मिळणारा बारकोड घेऊ नका. तो नंबर दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या नावावर असतो, आणि अमेझॉनसारखी दुकानं जीएस१ च्या डेटाबेसमध्ये नाव ताडून बघतात. पापड बायकांचे आणि नाव अमेरिकेतल्या कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानाचं, असं निघालं तर लिस्टिंग गेलं.

बाकी तीस वर्षं लाइनमध्ये आहात तर तुमच्याही गोडाऊनला कधीतरी घरचा कोड असणारच. तो कसा रचला होता ते खाली लिहा, आणि त्यातला कुठला आकडा आधी भरला तेही.