साम्सोच्या वाऱ्याचे मालक

डेन्मार्कच्या साम्सो बेटाबद्दल एक दावा सारखा फिरत असतो. या बेटाला ‘शंभर टक्के हरित’ म्हणणं ही लोकांची दिशाभूल आहे, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. कारणं चार दिली जातात: वीज मुख्य भूमीवरून केबलने येते, सगळा पैसा सरकारचा, पाहुण्यांना दाखवायला एक देखणी इमारत बांधली आणि गाड्या अजून तेलावरच चालतात. यातलं चौथं बरंचसं खरं आहे. पहिली तीन वाचली की मात्र मला राहवत नाही, कारण बेटावरच्या माणसांनी जे खरोखर केलं तेच त्यांत पुसलं जातं.

केबलपासून सुरुवात करू. ती आहे, आणि कोणी लपवलेली नाही. पण तिच्यातून वीज फक्त आतच येते हे कुणी सांगितलं? २००० साली बेटावर एक-एक मेगावॅटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वर्षाचा हिशेब धरला तर बेटाला लागेल एवढी वीज त्यांच्यातूनच निघते. पुढे २००३ पर्यंत दक्षिणेकडच्या उथळ समुद्रात २.३ मेगावॅटच्या आणखी १० आल्या. वारा असला की जास्तीची वीज बाहेर जाते, वारा पडला की बाहेरून येते. वारा पडलेल्या संध्याकाळी साम्सोतला दिवा मुख्य भूमीच्या विजेवर जळतो, हे मान्य. ‘शंभर टक्के’ हा वर्षाच्या जमाखर्चाचा आकडा आहे, दर मिनिटाचा नाही. हे न सांगता नुसता मथळा देणाऱ्यांना जाब विचारा, बेटाला कशाला?

आणि केबल नसलेलं बेट पाहायचं असेल तर स्कॉटलंडचं एग आहे. वस्ती जेमतेम शंभरेक माणसांची. १९९७ मध्ये रहिवाशांनी पुढाकार घेऊन बेटच विकत घेतलं. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षं घरोघरी डिझेलच्या जनरेटरची घरघर चालायची. फेब्रुवारी २००८ मध्ये ओढ्यावरची जलविद्युत, चार छोट्या पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या एकत्र जोडून त्यांनी स्वतःची वीजव्यवस्था सुरू केली. मदतीला बॅटऱ्या आहेत आणि अगदीच अडलं तर डिझेल. तिथला नियम मला फार आवडतो: एका घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॅट, व्यवसायाला १०. किटली, इस्त्री, धुलाईयंत्र सगळं एकदम लावलं की घराचा पुरवठा तुटतो. म्हणून घरात वापर दाखवणारं छोटं यंत्र असतं आणि माणसं त्याकडे बघून कामं मागेपुढे करतात. नावीन्य म्हटलं की आपण यंत्रं शोधत बसतो. इथे ते सगळ्यांनी मिळून मान्य केलेल्या एका मर्यादेत आहे.

आता पैसा. १९९७ मध्ये पर्यावरण आणि ऊर्जामंत्री स्वेंड औकेन यांच्या काळात डेन्मार्कने स्पर्धा घेतली: कोणता भाग दहा वर्षांत स्वतःची ऊर्जा स्वतः तयार करण्याचा सर्वांत पटणारा आराखडा देतो? साम्सो जिंकलं, पण बक्षीस म्हणून पैशांची थैली मिळाली नाही. वाऱ्याच्या विजेला हमीदर होता, हे खरं. सरकारी धोरणाशिवाय हे घडलं असतं असं मी म्हणणार नाही. पण तो दर देशभर लागू होता, एकट्या साम्सोसाठी नव्हता. चक्क्या कुणाच्या ते पाहा. जमिनीवरच्या ११ पैकी ९ शेतकऱ्यांच्या आणि २ सहकारी, म्हणजे लहान भागधारकांच्या. समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेच्या, उरलेल्या खासगी गुंतवणूकदारांच्या आणि भागधारकांच्या. कर्ज काढलं ते याच लोकांनी.

हे आपसूक झालं नाही. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद पडला होता, रोजगाराची चिंता होती. सोरेन हर्मनसेन हा शेतकऱ्याचा मुलगा, बेटावरच शिकवणारा. या कामासाठी नेमलेला पहिला माणूस तोच. गावोगावच्या बैठकांना तो जात राहिला. हवामानावर भाषण देण्यापेक्षा या कामातून गावाला काय मिळेल, हे तो बोलायचा. माझ्या मते साम्सोचा खरा शोध हाच आहे. खिडकीतून दिसणारी चक्की परक्या कंपनीची असली की तिचा आवाज सलतो. तिच्यात आपला हिस्सा असला की माणूस सकाळी उठून ती फिरतेय ना, एवढंच बघतो.

राहिली इमारत. बालेन गावातली ऊर्जा अकादमी २००७ मध्ये उघडली. लांबट, बसकी, वायकिंगांच्या जुन्या लांबघराची आठवण करून देणारी. छपरावर सौरपट्ट्या, शौचालयाला पावसाचं पाणी. तिथे पाहुणे येतात, ते यावेत म्हणूनच ती बांधली. पण तिची ऊब कुठून येते ते बघा. गावाजवळच्या केंद्रात शेतातल्या पेंढ्याचे भारे बॉयलरमध्ये जातात, पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांतून घरोघरी फिरून निवून परत येतं. अकादमीही त्याच नळांवर आहे, शेजारच्या घरांसारखीच. उत्तरेला नॉर्डबीजवळ लाकडाच्या चिपट्या आणि सुमारे २,५०० चौरस मीटरचे सौरतापक हेच काम करतात. थंड देशात घर गरम ठेवणं हा ऊर्जेचा मोठा खर्च, आणि फिरणाऱ्या मजकुरात याबद्दल अक्षर नाही. चक्की फोटोत दिसते, जमिनीखालचा नळ दिसत नाही.

चौथा मुद्दा. हो, बेटावर पेट्रोलच्या गाड्या राहिल्या. २०१५ मध्ये आलेली नवी फेरीबोट द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी, म्हणजे तीही खनिज इंधनावरच. समुद्रातल्या दहा चक्क्या उभारल्या त्याच मुळी वाहतुकीत जळणारं तेल हिशेबात भरून काढण्यासाठी. भरपाई म्हणजे तेल थांबणं नव्हे, ही टीका रास्त आहे आणि ती बेटावरच्या लोकांनाही कळते. म्हणून त्यांनी पुढचं लक्ष्य वेगळ्या शब्दांत मांडलं: २०३० पर्यंत खनिज इंधनच नको. ते गाठलं जाईल का, यावर जरूर वाद घाला. त्या वादात फेरीबोटींचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण बेटावर येणारं जवळजवळ सगळं त्यांतूनच येतं.