रेकॉर्ड शॉट

मे महिन्यात बंदरावर पक्षी नसतात. हे पक्ष्यांना माहीत असतं, कोळ्यांना माहीत असतं, जेटीवरच्या मांजरांनाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त कोथरूडला.

म्हणजे अगदीच नसतात असं नाही. कावळे असतात, घारी असतात, बगळे असतात. पण त्यांच्यासाठी कोणी ताम्हिणी उतरून कोकणात जात नाही, ते मुठेच्या काठीही भेटतात. बंदरावर जायचं ते कुरवांसाठी (म्हणजे सीगल), सुरयांसाठी (म्हणजे टर्न), चिखलात चोच खुपसून धावणाऱ्या तुतवारांसाठी. ही सगळी मंडळी थंडीत येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये बाडबिस्तरा आवरून उत्तरेला चालती होतात. तपकिरी डोक्याचा कुरव तर जाता जाता वाकुल्या दाखवून जातो. थंडीभर आपल्याकडे असतो तेव्हा त्याचं डोकं पांढरंच, कानापाशी एक काळपट ठिपका तेवढा. डोकं रंगतं ते निघायच्या सुमाराला, आणि मग ते मिरवायला तो तिबेट-लडाखकडच्या तळ्यांवर जातो. मे महिन्यात बंदरावर कुरव शोधणं म्हणजे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मांडवात मोदक शोधणं.

तरी आम्ही गेलो. कारण ग्लोबल बिग डे.

ज्यांच्या घरात अजून ही साथ शिरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मे महिन्यातला एक शनिवार, बहुधा दुसरा, ठरलेला असतो. त्या दिवशी मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत जगभरचे पक्षीनिरीक्षक दिसतील आणि ऐकू येतील तेवढ्या जाती नोंदवतात आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतात. २०१५ पासून हे चालू आहे. युरोप-अमेरिकेत मे महिना म्हणजे पक्ष्यांच्या परतीच्या प्रवासाचे दिवस, झाडाझाडावर गाणी. आपल्याकडे मे महिन्यात कावळासुद्धा दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकत बसतो. पण जग मोजतंय म्हटल्यावर पुणं मागे राहून कसं चालेल?

अडचण एवढीच की पुण्यातल्या सगळ्या जागा आधीच वाटल्या गेलेल्या असतात. सिंहगडाच्या दरीवर एका ग्रुपचा हक्क, पाषाणच्या तळ्यावर दुसऱ्याचा, वेताळ टेकडीवर तर दोन ग्रुप आणि त्यांच्यात बोलणं बंद. कवडीला त्या पहाटे ट्रायपॉड टेकवायला वीतभर जागा मिळत नाही. आमच्या ग्रुपच्या सरांनी (ते कशाचे सर आहेत हे मी अजून विचारलेलं नाही) एका मीटिंगमध्ये नकाशा पसरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "समुद्र कोणीच घेतलेला नाही."

समुद्र कोणी का घेतलेला नाही, हा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही.

मंडळी अशी. सर, ज्यांना सगळं माहीत असतं. लेन्सवाले काका, ज्यांची लेन्स माझ्या पहिल्या गाडीपेक्षा महाग आहे आणि हे ते सांगतात. ताई, ज्या यादी ठेवतात. आणि मी. माझ्या गाडीची डिकी मोठी आहे.

ताईंनी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी गॅलरीत उभं राहून पिंगळा ऐकला आणि खातं उघडलं. साडेतीनला आम्ही निघालो. उजाडता उजाडता ताम्हिणीत शिरलो आणि एका ओढ्याच्या वळणावर शीळकरी कस्तुराने तान घेतली. हा पक्षी माणसासारखी शीळ घालतो, तीही एखाद्या बेफिकीर, सुट्टीवर असलेल्या माणसासारखी. थोडं पुढे स्वर्गीय नर्तक आपली लांबलचक पांढरी शेपटी सांभाळत रस्ता ओलांडून गेला. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"चला, चला," सर म्हणाले. "इथे काय, नेहमीचंच आहे. समुद्र वाट बघतोय."

अशा रीतीने पक्ष्यांनी भरलेल्या घाटातून काचा वर करून आम्ही दापोलीजवळच्या हर्णै बंदराकडे निघालो. काचा वर, कारण एसी. एसी, कारण काकांच्या लेन्सला धूळ चालत नाही. माणगावला मिसळ झाली. मिसळीबद्दल पुणेकराने माणगावात तोंड उघडू नये एवढं शहाणपण सगळ्यांकडे होतं, सर सोडून.

हर्णैला उतरलो तेव्हा ऊन माथ्याकडे सरकत होतं. गाडीचं दार उघडलं आणि अंगावरचा शर्ट पाठीचा झाला. काकांनी लेन्स बाहेर काढली. एसीत तासन्‌तास गार झालेली ती काच त्या दमट हवेत आली मात्र, तिच्यावर पाणीच धरलं. काकांनी खास कापडाने पुसली. पुन्हा धरलं. पुन्हा पुसली. लेन्सला बाहेरची हवा अंगवळणी पडेपर्यंत थांबणं हाच इलाज आहे, पण हे काकांना कोण सांगणार? नेमका त्याच वेळी समुद्री गरुड आला.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि त्याच्या तटावरून तो अलगद वर चढत होता. पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले, पोट पांढरंशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, शेपटी पाचरीसारखी आखूड. एकदाही पंख न हलवता त्याने किल्ल्याला अर्धी प्रदक्षिणा घातली आणि पलीकडे उतरला. ताईंचा हात आपोआप छातीवर गेला. आख्ख्या दिवसात आम्ही जे काही पाहिलं त्यात पाहण्यासारखं म्हणावं ते हेच.

"कुठे? कुठे?" काका, हातात कापड.

"गेला."

"मला दिसला नाही," काका म्हणाले, आणि थोडा विचार करून, "फोटोही नाही. मग लिहायचा कसा?"

यावर सर आणि काका यांच्यात जे झालं त्यात मी पडलो नाही. मी किल्ल्याकडे बघत बसलो. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांचं आरमार हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचा हा सुवर्णदुर्ग पाडाव केला. मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच इंग्रजांकरवी खिळखिळं केलं. पुण्याहून हर्णैला येऊन कोणी शहाणपणाचं काम केल्याची नोंद इतिहासात तरी नाही.

मग चिखलातले पक्षी. ते दिसेनात, कारण पाणीच दिसेना. किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर भरतीच्या वेळी. पाणी चढतं तसे ते चरत चरत आपल्या बाजूला रेटले जातात. ओहोटीला ते पाण्यामागोमाग लांब निघून जातात. सरांकडे भरती-ओहोटीचं ॲप होतं. ॲपला रेंज लागत होती. रेंज दापोलीला राहिली होती. सर मोबाईल डोक्यावर धरून कनकदुर्गाच्या पायथ्याशी फेऱ्या मारू लागले, तेव्हा जाळीच्या सावलीत कोळंबी निवडत बसलेल्या एका मावशींना राहवलं नाही.

"काय शोधताव, काका?"

"भरतीची वेळ बघतोय."

"आज अष्टमी ना? आठाची पाऊणपट किती?"

सर सत्तरीचे आहेत आणि पाढे पाठ असल्याचा त्यांना अभिमान आहे. "सहा," ते म्हणाले.

"मग सहाला भरती. आता बारा म्हणजे सुकतीच. आता काय दिसणार तुमाला? जेवून या." आणि मावशींनी मान खाली घातली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे त्या आम्हा चौघांपैकी एकाही घरात कोणी ते या कामासाठी उलटलेलं नव्हतं.

पण पुण्याचा माणूस जेवून येत नाही. आम्ही दुर्बीण लावली. स्पॉटिंग स्कोपमधून दूरवर ओल्या वाळूच्या कडेला दोन ठिपके दिसत होते. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरत असते, त्यामुळे ठिपकेही थरथरत होते. सर म्हणाले, कोरल. वाकडी चोच, बघा. हे शक्य होतं. उत्तरेकडच्या अशा पक्ष्यांची गेल्या साली जन्मलेली पोरं पुष्कळदा पहिला उन्हाळा इकडेच काढतात. अंडी घालायचं वय झालेलं नसतं, मग एवढा लांब प्रवास कशाला? सरांनी हे सविस्तर समजावून सांगितलं. ताईंनी लिहिलं, 'कोरल, दोन, बहुधा लहान.' तेवढ्यात त्यातला एक ठिपका लुंगी सावरत उठला आणि विडी पेटवून चालू लागला.

ताईंनी 'दोन' खोडून 'एक' केलं.

संध्याकाळी चारनंतर हर्णैचं बंदर जागं होतं. होड्या नांगर टाकतात, मासळी लहान होडक्यांतून वाळूवर येते, ढीग पडतात, लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली, ढोमी, कोळंबी, आणि हे सगळं एकदम नाकात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणून मे महिन्यात बंदराला घाई असते. लिलाव करणाऱ्याचा आवाज, बर्फ फोडल्याचा आवाज, बायकांचं ओरडणं. आणि मधोमध खाकी टोप्या घालून आम्ही. सर जन्माचे शाकाहारी. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि त्यातूनच पक्षी ओळखू लागले, त्यामुळे निम्मे पक्षी ताईंना कळलेच नाहीत.

आता पक्षी होते! ब्राह्मणी घारी, विटकरी अंग आणि पांढरं डोकं, होडक्यांमागे टाकलेल्या आतड्यांवर वरून झेप घेत होत्या. पाण्याला पंजा लागतो न लागतो, माल उचललेला, आणि उडता उडताच पंजा चोचीकडे नेऊन जेवण. एक समुद्री बगळा, पाटीच्या रंगाचा, गळ्यावर पांढरी रेघ, होडीच्या दोरावर तोल सांभाळत उभा होता. पाय काळे आणि बोटं पिवळी, जणू मोजे घालायचे राहिले आणि तो तसाच हळदीत चालून आला. मी त्याच्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. तो दोरावरून उतरला, दोन बायकांच्या भांडणामधून वाट काढत गेला, एक बोंबील उचलला आणि पुन्हा दोरावर.

"हे सगळे झाले लिहून," सर रुमालातून म्हणाले. "कुरव बघा, कुरव!"

आणि बघायचं कसं? पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य थेट डोळ्यांत. त्या उजेडात घार काळी, बगळा काळा, सुरय असता तर तोही काळाच. काका मात्र पेटले होते. समुद्राच्या दिशेने जे जे हललं त्यावर त्यांच्या कॅमेऱ्याने फैरी झाडल्या. "रेकॉर्ड शॉट, रेकॉर्ड शॉट," ते पुटपुटत होते. रेकॉर्ड शॉट म्हणजे ज्यात पक्षी आहे असं फोटो काढणारा शपथेवर सांगतो तो फोटो.

आणि मग खरंच कुरव दिसला. एकटाच, जवळच्या एका होडीच्या नाळेवर, दांडगा, मळकट, ठिपक्याठिपक्यांचा. लहान वयाचा. मोठ्या कुरवांना पूर्ण वाढीचा पिसारा यायला चार वर्षं लागतात आणि दर वर्षी त्यांचा वेष वेगळा, त्यामुळे त्यांची ओळख म्हणजे भांडणाची कायमची सोय. सर म्हणाले ह्यूग्लिन्स. काका म्हणाले स्टेप. सर म्हणाले दोन्ही आता एकाच जातीत घातलेत. काका म्हणाले, मग तुम्ही ह्यूग्लिन्स का म्हणताय? ताई पेन उचलून थांबल्या.

"डावा पंख बघा," सर म्हणाले. "खाली झुकलाय. पिसं झडतायत. या वयात, या महिन्यात ही पीसझड, म्हणजे दुसरा उन्हाळा. माझी खात्री आहे."

"डावाच का झडेल? उजवा का नाही?"

"निसर्गात असं असतं."

होडीवरचा खलाशी बराच वेळ हे ऐकत होता. "तो होय?" तो म्हणाला. "तो आमचाच आहे. शिमग्याच्या आधी जाळ्यात गावला, पंख दुखावला त्याचा. तेव्हापासून इथेच खातो. बाकीचे गेले सगळे." आणि त्याने मूठभर मांदेली वाळूवर फेकली. कुरव टुणकन उतरला, लंगडत्या पंखाने पाट्यांच्या रांगेत शिरला आणि जेवायला बसला. सरांनी रुमाल नाकावरून डोळ्यांपर्यंत वर नेला.

त्याच वेळी मोबाईलला कुठूनशी रेंज आली आणि हिचा फोन आला. हिचं माहेर रत्नागिरीचं. हर्णैला जाऊन नवरा पक्षी बघतो हे तिला समजण्यापलीकडचं आहे, पण हर्णैला जाऊन रिकाम्या हाताने येतो हे चालण्यापलीकडचं आहे. "अहो, मांदेली असेल तर आधी फोटो पाठवा, मगच घ्या." मी समुद्राकडे पाठ केली, मावशींच्या पाटीचा फोटो काढला, पाठवला. तिच्या उत्तरावरून मांदेली घेतली नाही. काका सुखावले, कारण बर्फाचा डबा त्यांच्या लेन्सशेजारी येणार होता.

परत येताना घाटात अंधार होता. शीळकरी कस्तुर झोपला होता.

सोमवारी ताईंना ई-बर्डच्या समीक्षकांचं पत्र आलं. हे लोक वेळीअवेळीच्या नोंदी तपासतात आणि नम्रपणे पुरावा मागतात. मे महिन्यात हर्णैला मोठा कुरव: कृपया तपशील किंवा फोटो. काकांनी रात्रभर बसून आपले सगळे फोटो चाळले. त्या सोनेरी उजेडात काळ्या आकृत्या इतक्या सुरेख आल्या होत्या की त्यातली कुठलीही कुरव, कावळा किंवा छत्री म्हणून खपली असती. सरांनी लेखी निवेदन तयार केलं, ते ताईंनी पाठवलं नाही.

मग मला आठवलं. हिला पाठवलेल्या फोटोत पाटीमागे काहीतरी पांढरट होतं. मूळ फोटो मी जागा करायला कधीच उडवला होता, पण व्हॉट्सॲपवर तो होता. त्याचा स्क्रीनशॉट काढून ताईंना दिला. सूर्य पाठीशी, उजेड स्वच्छ, कुरवाचं पीस न्‌ पीस मोजून घ्या. समीक्षकांनी नोंद मान्य केली. ताईंनी स्क्रीनशॉट कापायला हवा होता, पण त्या घाईत होत्या. त्यामुळे आज जगातल्या कुठल्याही पक्षीतज्ज्ञाने ती नोंद उघडली, तर त्याला वर तो कुरव दिसतो, आणि त्याच्या पायाशी हिचा मजकूर:

'मांदेली शिळी वाटतेय, आणू नका. मागचं बदक केवढ्याला?'