वासराचं वजन एकट्या वळूवर ठरत नाही

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या गोठेवाल्यांमध्ये एक संदेश फिरतो: ‘भारी जातीच्या वळूचं सिमेन (वीर्य) भरा, गाय कशीही असो, सहा महिन्यांत वासरू दुप्पट भरेल. नाही भरलं तर सिमेन खोटं.’ यातलं जवळजवळ प्रत्येक विधान नुकसान करणारं आहे.

‘वळू भारी तर वासरू भारी.’ जनुकं आई-बापाकडून निम्मी-निम्मी येतात. आई त्यावर गर्भाशय आणि दूधही देते. वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी १९३८ साली अवाढव्य शायर घोडे आणि लहानशा शेटलंड पोनींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. रक्त सारखंच, पण शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मताना पोनी घोडीच्या पोटच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचं निघालं.

‘गाय कशीही चालते.’ नाही चालत. आपल्या श्वेतकपिलेची, म्हणजे गोव्याच्या गावठी गाईची, चण लहान. तिच्या पहिलारू कालवडीला अवजड जातीचं सिमेन भरलं तर वेताला वासरू अडू शकतं आणि गायही हातची जाते. गर्भाचं बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, तेव्हा नुसत्या भाताच्या पेंढ्यावर भागत नाही. हिरवा चारा आणि पेंड हवीच. व्याल्यावर दोन तासांच्या आत चीक पाजा. अठरा किलोच्या वासराला पहिल्या दिवसात निदान दोन लिटर, त्यातला मोठा वाटा पहिल्या सहा तासांतच. चोवीस तासांनंतर आतडं त्यातली रोगप्रतिकारशक्ती शोषून घेत नाही. म्हणून खरवसाची घाई नको, आधी वासरू.

‘नाही भरलं तर सिमेन खोटं.’ मांसासाठी पाळलेल्या गुरांत वासरू आईचं सगळं दूध पितं, म्हणून तिथं दूध तोडतानाच्या वजनात आईचा वाटा स्पष्ट दिसतो. आपल्याकडे दूध डेअरीला जातं. चारही सड पिळून घेतले तर उत्तम वळूचं वासरूही खुरटतं. पहिले दोन महिने रोज वजनाच्या दहाव्या हिस्स्याएवढं दूध द्या, मगच वळूला बोल लावा.

तुलनाही नीट करा. पाडा पाडीशी, पहिल्या वेताचं वासरू चौथ्या वेताच्या वासराशी ताडून पाहू नका. वजनकाटा नसेल तर टेप घ्या: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं इंचांत, भागिले ६६०. घेर ३६, लांबी ३२, म्हणजे सुमारे ६३ किलो. त्यातून जन्मवजन १६ वजा करून वयाच्या १२० दिवसांनी भागा: रोजची वाढ ३९० ग्रॅम. आकडा अंदाजाचाच, पण दोन वासरांची तुलना करायला पुरतो.

आणि वळूच्या गुणांपैकी एक तर त्याच्या वासरांत दिसतच नाही. दुधाची जनुकं तोही मुलीला देतो, आणि झपाट्यानं वाढणाऱ्या वंशात ती कमकुवत असणं बऱ्याचदा आढळतं. ते कळतं ती कालवड स्वतः व्याली आणि तिचं वासरू तोललं की, म्हणजे तीन-चार वर्षांनी.